वळवलेल्या गाडीतून प्रवास: सोलापूरकरांनी काय बघायचं, काय सांभाळायचं

जेऊर_लूप

"गाडी परिवर्तित मार्गाने धावेल" एवढं कानावर पडलं की निम्मे लोक तिकीट रद्द करायला पळतात आणि उरलेले काहीच न बघता चढून बसतात. दोन्ही गोष्टींनी नुकसानच होतं. रेल्वेच्या सूचनेत "मार्गे" या शब्दापुढे जंक्शनांची एक माळ असते. आपल्या कामाची तेवढीच. आपलं चढायचं आणि उतरायचं स्टेशन त्या माळेत बसतंय का, ते आधी बघायचं. बसत असेल तर बहुतेक वेळा उशीर सोडून दुसरं काही होत नाही.

सोलापूरच्या बाबतीत मुख्य वाटा पाच आहेत. अंतरं ढोबळ धरा.

पहिली वाट बोरघाट बंद पडला तर. कर्जत–लोणावळा पट्ट्यात दरड आली, रूळ खचला किंवा मोठा ब्लॉक (कामासाठी लाईन बंद) लागला, की मुंबईची गाडी कल्याण–इगतपुरी–मनमाड–अहिल्यानगर–दौंड अशी येते. एरवी मुंबई–सोलापूर ४५५ किमी. या वाटेने मुंबई–मनमाड २६०, मनमाड–दौंड २३५ च्या आसपास आणि दौंड–सोलापूर १८७, म्हणजे ६८० च्या पुढे. कर्जत, लोणावळा, पुणे हे सगळं गळतं. कल्याण आणि दौंड मात्र दोन्ही वाटांवर आहेत, हे ध्यानात ठेवा.

दुसरी वाट पुणे–मिरज–लोंढा बंद असेल तर. मग हुबळीकडच्या गाड्या पुणे–दौंड–सोलापूर–होटगी–विजयपूर–बागलकोट–गदग अशा जातात. पुणे–हुबळी हे अंतर नेहमीच्या वाटेने साधारण ५५० आणि इकडून ६२०. किलोमीटर फार वाढत नाहीत, पण सातारा, कराड, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड इतकी गावं एका फटक्यात गळतात. सोलापूरच्या फलाटावर अनोळखी नावाची गाडी दिसली तर बहुधा हेच कारण असतं. कोकण रेल्वे बंद पडली की केरळच्याही काही गाड्या आपल्याकडून वाडी–गुंतकलकडे जातात.

तिसरी वाट दौंड–कुर्डुवाडी बंद असेल तर: पुणे–सातारा–मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–सोलापूर. २६३ किमीचे साडेपाचशे होतात. त्यामुळे ही क्वचितच वापरतात, आणि तीही लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीच.

चौथी आणि पाचवी वाट सोलापूर–वाडी बंद असेल तर. गुंतकलकडे जाणारी गाडी होटगीवरून गदग–होस्पेट–बळ्ळारी–गुंतकल अशी काढता येते. त्यात सोलापूर राहतं, पण कलबुर्गी, वाडी, रायचूर जातात. हैदराबादकडची गाडी मात्र कुर्डुवाडीवरूनच लातूर–लातूर रोड–बिदर–विकाराबाद अशी वळवता येते. तशी वळवली तर सोलापूरच गळतं. गाडी आपल्या अलीकडे ८० किमीवरून डावीकडे निघून जाते आणि आपण फलाट क्रमांक एकवर चहा पीत राहतो.

पाकणी_आउटर

पाचही वाटा नीट मांडल्यात. किलोमीटरपेक्षा वेळ जास्त का वाढतो, ते मी लिहितो, कारण "दोनशे किलोमीटर जास्त म्हणजे चार तास उशीर" असा हिशेब लोक करतात आणि फसतात.

वळवलेल्या गाडीला त्या मार्गावर स्वतःचा पाथ, म्हणजे वेळापत्रकातली राखीव जागा, नसतो. तिथल्या वेळापत्रकातल्या गाड्या आपापल्या जागी धावत असतात आणि ही मध्येच घुसलेली असते. सेक्शन कंट्रोलर (त्या पट्ट्यातल्या गाड्यांचा क्रम ठरवणारा) आधी वेळेवर असलेल्या गाडीला वाट देतो. आपली गाडी आधीच उशिरा आहे, ती आणखी वीस मिनिटं थांबली तर त्याच्या तक्त्यात फारसा फरक पडत नाही.

सिंगल लाईनवर ते आणखी जाणवतं. क्रॉसिंग, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं, नेमकं कसं होतं ते बघा. गाडी होम सिग्नलला (स्टेशनात शिरण्याच्या सिग्नलला) वेग कमी करते. लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) शिरताना १ इन १२ च्या सांध्यावर, म्हणजे रूळ बदलतो तिथे, वेग ३० किमी, आणि यार्डात जुना १ इन ८.५ असेल तर १५ किमी. २४ डब्यांची एलएचबी (नव्या प्रकारच्या डब्यांची) गाडी इंजिनासकट ६०० मीटरच्या घरात जाते. ३० च्या वेगाने अख्खी गाडी एका बिंदूवरून जायलाच सव्वा मिनिट लागतं. मग समोरची गाडी पुढच्या स्टेशनवरून सुटून येणार, तिची शेपटी लूप पार करणार, ब्लॉक (दोन स्टेशनांमधला रूळ) मोकळा होणार, रूट परत लागणार, आणि पुन्हा ३० ने बाहेर. समोरची गाडी ठरल्या वेळी आली तरी पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. असं चार-पाच ठिकाणी झालं की उशिराचा हिशेब तुमच्या लक्षात येईल.

लूप साधारण ६८६ मीटरचे असतात, त्यामुळे आपली गाडी जेमतेम मावते. दोन लूपच्या स्टेशनवर एकात मालगाडी उभी असेल तर तिथे क्रॉसिंग होतच नाही, आधीच्या स्टेशनलाच अडवतात. होटगी–गदग मार्गावर कुडगीच्या औष्णिक प्रकल्पाची कोळशाची वाहतूक आहे, तिकडे हे हमखास घडतं. त्या मार्गाचं दुहेरीकरण जसं पुढे सरकलं तसा त्रास कमी होत गेला.

आणि एक गोष्ट बाहेर कुणाला दिसत नाही: चालक. ज्याने तो मार्ग शिकलेला आहे, म्हणजे रेल्वेच्या बोलीत ज्याचा "एलआर" झालेला आहे, तोच त्या सेक्शनवर गाडी चालवू शकतो. कुठे चढ, कुठे वळण, कुठला सिग्नल झाडामागे लपतो, हे माहीत असावं लागतं. तीन महिने त्या मार्गावर काम केलं नसेल तर परत फेरी मारून उजळणी करावी लागते. म्हणून अचानक वळवलेली गाडी जंक्शनवर तासभर उभी राहते आणि लोक समजतात इंजिन बिघडलं. इंजिन धडधाकट असतं, मार्ग जाणणारा चालक यायचा असतो.

शेंगाचटणी

का बे, एवढं सगळं लिहिलं, पण मुद्द्याचं राहिलं. सोलापुरात चढलो, तिकीट पुण्याचं, आणि गाडी मनमाडकडून मुंबईला चालली. आता पुण्याला जाणाऱ्यानं काय करायचं?

जेऊर_लूप

@शेंगाचटणी, मालक, म्हणूनच वर लिहिलं की दौंड दोन्ही वाटांवर आहे. बोरघाट बंद असला तरी पुणे–दौंड पट्टा बहुतेक वेळा चालूच असतो. दौंडला उतरायचं आणि पुढचे ७५ किमी पुण्याच्या लोकलने किंवा मागून येणाऱ्या पुण्यापर्यंतच्या गाडीने जायचं. फक्त तीन गोष्टी आधी बघा.

गाडी दौंडच्या मुख्य स्टेशनात थांबणार आहे ना? सोलापूरहून मनमाडकडे जाणारी गाडी मुख्य स्टेशनातूनच जाते, तिथे इंजिन फिरवावं लागत नाही. पण मुळात तिला दौंडचा थांबा नसेल तर ती सरळ निघू शकते. टीसीला सोलापूरलाच विचारा, मोहोळ गेल्यावर नाही.

दुसरं, दौंडपासून पुढचं तिकीट वेगळं काढावं लागेल असं गृहीत धरा. तुमचं आरक्षित तिकीट त्या एका गाडीचं असतं, दुसऱ्या गाडीत ते आपोआप चालत नाही. अडकलेल्या प्रवाशांना दुसऱ्या गाडीने जाऊ द्यायचं असेल तर तशी घोषणा होते. घोषणा झाली नसेल तर वाद घालू नका.

तिसरं, जर नुसतं पुण्यालाच जायचं असेल आणि अजून सोलापुरातच असाल, तर वळवलेली गाडी सोडून द्या. हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूर–पुणे अशीच धावते, घाटाशी तिचा संबंधच नाही. घाट बंद असला की मुंबईपर्यंतच्या काही गाड्याही पुण्यातच संपवतात आणि तिथूनच परत फिरवतात. पुणेकराला त्या उलट सोयीच्या.

डबल_हेड

छोटी दुरुस्ती. दौंडला इंजिन फिरवावं लागत नाही हे सोलापूर–मनमाड दिशेला खरं. पुणे–मनमाड दिशेला मुख्य स्टेशनात आलं की फिरवावंच लागतं, कारण नगरची लाईन दौंडला पुण्याच्याच बाजूने येऊन मिळते. तो त्रास वाचवायला दौंड कॉर्ड लाईन झाली. पुण्याहून मनमाडकडे वळवलेली गाडी कॉर्डवरून गेली तर ती दौंडच्या मुख्य स्टेशनात येतच नाही, कॉर्ड लाईनच्या वेगळ्या स्टेशनावरून जाते. "दौंडला उतरून सोलापूरची गाडी पकडू" असं ठरवलेल्यांनी सूचनेत "दौंड" आहे की "दौंड कॉर्ड लाईन" ते डोळ्यात तेल घालून वाचा. दोन्ही ठिकाणांमध्ये सामान घेऊन रिक्षाने जावं लागतं.

इंजिन फिरवणं म्हणजे नुसतं इकडचं तिकडे नाही, तेही सांगून ठेवतो. कपलिंग आणि ब्रेकच्या नळ्या सोडायच्या, इंजिन मोकळ्या लाईनवरून दुसऱ्या टोकाला आणायचं, जोडायचं, मग ब्रेक पाइपात ५ किलो आणि फीड पाइपात ६ किलो दाब भरायचा. दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचला आणि ब्रेक लागून सुटतात याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलत नाही. अर्धा तास धरून चाला. त्यानंतर डब्यांचा क्रम उलटा होतो. पुढच्या स्टेशनवर फलाटावरचे डब्यांचे आकडे जुन्याच क्रमाने लागलेले असू शकतात. एस-१ साठी पुढे जाऊन थांबलात तर तो मागे येईल.

मोडनिंब_५२

परताव्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात. वळवली तर येत नाहीत. टीडीआर (परताव्याचा दावा) आपणच भरायचा. सरळ "कॅन्सल" दाबलंत तर नेहमीची कपात होऊन पैसे येतील आणि मग टीडीआरचा मार्ग बंद. लोक नेमकं हेच करतात.

आयआरसीटीसीवर "बुक केलेली तिकिटं" मध्ये जा, ते पीएनआर उघडा, टीडीआर निवडा. कारणांच्या यादीत गाडी वळवल्याची वेगवेगळी कारणं आहेत: एक, गाडी वळवली आणि प्रवास केला नाही, दुसरं, वळवलेल्या मार्गावर चढायचं स्टेशन नाही, तिसरं, उतरायचं स्टेशन नाही. आपल्याला लागू पडतं तेच निवडा. "गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा" हे कारण इथे घालू नका. त्याची मुदत गाडी प्रत्यक्ष सुटेपर्यंतच असते, वळवण्याच्या कारणाला चढायच्या स्टेशनवरून ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून ७२ तास मिळतात. चुकीचं कारण घातलं की दावा मुदतीबाहेर जातो आणि नामंजूर होऊन परत येतो.

एकाच तिकिटावरच्या प्रवाशांपैकी काहीजण गेले आणि काहीजण गेले नाहीत, तर टीडीआरमध्ये फक्त न गेलेल्यांच्या नावापुढे खूण करा. सगळ्यांवर केलीत आणि टीसीच्या नोंदीत दोघं बसलेले दिसले तर अख्खा दावा अडकतो.

अर्ध्यात उतरलात, म्हणजे पुण्याच्या ऐवजी दौंडला, तर गाडी सोडण्याआधी टीसीकडून तसं प्रमाणपत्र घ्या. त्याशिवाय अर्धवट प्रवासाचा दावा टिकत नाही. खिडकीचं तिकीट असेल तर स्टेशनवर जाऊनच टीडीआर करावा लागतो.

लांबच्या वाटेने गेलात म्हणून जादा भाडं द्यावं लागत नाही. आणि स्वतःहून बसून शेवटपर्यंत गेलात तर उशिराबद्दल परतावाही नाही.

शेंगाचटणी

हे कामाचं. अजून एक, बोर्डिंग बदलून चालतंय का? म्हणजे तिकीट पुणे–बेंगळुरूचं हाय, गाडी मनमाडवरून येतीय, तर दौंडला किंवा सोलापूरला बसायचं?

मोडनिंब_५२

चालतं, पण चार्ट लागण्याच्या बऱ्याच आधी बदला. अॅप मुदत संपली म्हणालं तर ती संपलीच. बदल न करता नुसतं दौंडला जाऊन उभं राहिलात तर टीसी पुढच्या एक-दोन स्टेशनांपर्यंत वाट बघून बर्थ आरएसीवाल्याला देऊ शकतो. आणि एकदा बोर्डिंग बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो. वळवणं आयत्या वेळी रद्द झालं आणि गाडी पुण्यालाच आली, तरी मग तुम्हाला सोलापूरलाच चढावं लागेल.

होटगी_केबिन

आता थोडं आनंदाचं. ज्यांना मुद्दाम अशी वाट बघायची आहे त्यांच्यासाठी होटगी–गदग पट्टा लिहितो. या मार्गावर नेहमीच्या गाड्या आहेत, पण मुंबई-पुण्याच्या लांब गाडीतून तो दिवसाउजेडी बघायला मिळणं दुर्मीळ.

सोलापूरहून निघालं की टिकेकरवाडी, मग १५ किमीवर होटगी. इथे वाडीची लाईन पूर्वेकडे जाते, आपण दक्षिणेकडे वळतो. होटगीच्या आसपास सिमेंट आणि औष्णिक प्रकल्पाच्या मालगाड्यांची इतकी वर्दळ असते की वळवलेल्या गाडीचा पहिला खोळंबा इथेच होतो. त्यानंतर भीमेचा पूल. लच्याण, इंडी रोड, निंबाळ अशी छोटी स्टेशनं. ऊस, तूर, मग नुसतं माळरान. सोलापूरपासून साधारण ११० किमीवर विजयपूर. गोल घुमट स्टेशनच्या जवळच आहे. १६५६ च्या सुमाराचं बांधकाम, आणि घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा.

पुढे बसवन बागेवाडी रोड, मग आलमट्टी. आलमट्टी ते सीतिमनी दरम्यान कृष्णेचा पूल. आलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. ऑगस्ट ते ऑक्टोबर ते भरलेलं असतं, तेव्हा रुळाच्या दोन्ही बाजूंना समुद्र वाटावा असं पाणी दिसतं. मे महिन्यात गेलात तर भेगाळलेली जमीन आणि तळाशी उगवलेली बाभूळ. बागलकोटच्या जुन्या गावाचा मोठा भाग या पाण्याखाली गेला आणि पलीकडे नवनगर वसलं. मग बदामी, होळे आलूरजवळ मलप्रभा, आणि सोलापूरपासून ३०० किमीच्या आसपास गदग. भीमा, कृष्णा, मलप्रभा, सगळं एका पट्ट्यात. आपल्या दौंड मार्गावर उजनीचं पाणी सोडलं तर बघायला आहे काय?

बार्शी_लाईट

@होटगी_केबिन, दौंड मार्गाला नावं ठेवू नका हो, भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी गाडीतून दिसतात.

मी कुर्डुवाडी–लातूर वाट लिहितो. ही बार्शी लाइट रेल्वेची लाईन, २ फूट ६ इंच रुंदीची, १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन इतकी सुरू झालेली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने अरुंद रुळावर जड वाघिण्या कशा चालवायच्या ते इथे दाखवलं, आणि त्याची उदाहरणं पुढे जगभर गेली. ब्रॉडगेज होताना मार्ग बदलून धाराशिव शहराला जोडला. जुन्या नॅरोगेजला धाराशिव लागत नव्हतं. बार्शी सोडून येडशीकडे जाताना रामलिंगचा डोंगराळ, झाडीचा भाग येतो. पावसाळ्यात डावी-उजवी दोन्हीकडे हिरवं. या भागात वळणं आणि चढ आहेत, त्यामुळे वेगही कमी. जड गाडी असेल तर पावसात चाकं घसरायला लागल्यावर चालक वाळू टाकतो. खिडकीतून करकर आवाज आला तर घाबरू नका.

कुर्डुवाडीत मिरज–लातूर लाईन आणि मुख्य लाईन एकमेकींना भेटतात. त्यामुळे इथे वळवलेली गाडी आली की यार्डात गुंता ठरलेला. पंढरपूरच्या यात्रेच्या दिवसांत, आषाढी-कार्तिकीला, मिरज बाजूने गाडी वळवायची वेळ आली तर फलाटच रिकामा मिळत नाही. पाकणी_आउटर म्हणतात तसं मग आधीच्या लूपमध्ये बसा.

आहेरवाडी

मनमाड वाटेने जाणाऱ्यांसाठी: मनमाड सोडताना अंकाई-टंकाईचे किल्ले गाडीजवळून दिसतात, आणि जवळचा तो अंगठ्यासारखा सुळकाही. कोपरगाव–पुणतांब्याच्या मध्ये गोदावरी, दौंडच्या तोंडाशी भीमा. मुंबईकडे जाताना इगतपुरी–कसारा उतार १ इन ३७ (३७ मीटरला एक मीटर), अगदी बोरघाटासारखाच. खाली उतरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासायला गाडी थांबते. मुंबईहून येताना कसाऱ्याला मागे ढकलणारी इंजिनं लागतात, तिथेही थांबा. हे थांबे वेळापत्रकात नसले तरी ठरलेलेच समजा.

केटीसी_१४

गाडीत काय सांभाळायचं यावर कुणीच लिहिलं नाही.

पाणी. डब्यांच्या टाक्या ठरलेल्या स्टेशनांवर भरतात. वाट बदलली की ती स्टेशनं गळतात आणि नव्या वाटेवर पाणी भरायला थांबतीलच असं नाही. सोलापूरहून रात्री निघालेल्या गाडीत पहाटे नळ कोरडे पडतात, म्हणून टाकीत पाणी आहे तोवर तोंड धुऊन घ्या. प्यायचं पाणी माणशी तीन लिटर तरी हवं. पाणी संपलं की १३९ वर किंवा रेल मदद वर पीएनआर आणि डबा क्रमांक देऊन तक्रार टाका. सगळ्या डब्यांनी मिळून एकच तक्रार करण्यापेक्षा प्रत्येक डब्यातून एक गेली तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर पाणी मिळण्याची शक्यता जास्त.

जेवण. ई-केटरिंगवर मागवलेलं जेवण ज्या स्टेशनवर यायचं ते स्टेशनच गळलं तर ऑर्डर स्वतः रद्द करा, आपोआप होईल या भरवशावर राहू नका. पँट्रीवाल्याचा साठा नेहमीच्या तासांपुरताच असतो. सहा तास जास्त झाले की फक्त चहा उरतो. इथे आपलं सोलापूर कामाला येतं: कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी चार दिवस टिकते, चटणीला बर्फ लागत नाही, सांडत नाही, वास घेऊन शेजारचा रागावत नाही, उलट मागून खातो. दही-भात आणि ओल्या भाज्या नकोत, उन्हाळ्यात सहा तासांत आंबतात.

एसी. आजकाल बऱ्याच गाड्यांत वीज इंजिनातून येते. तारा तुटल्यामुळे गाडी डिझेल इंजिनाने ओढली तर जनरेटर डब्यावर यावं लागतं. त्या बदलात काही मिनिटं एसी आणि दिवे जातात. दरवाजे उघडे ठेवून गाडीखाली उतरू नका, बदल झाला की गाडी लगेच हलते.

चार्जिंग: फोन भरून ठेवा, पण पॉवर बँक हवीच.

पाकणी_आउटर

अॅपबद्दल एक भर. खाजगी अॅप बहुतेक मूळ वेळापत्रकाच्या मार्गावरच गाडी शोधतं, मग वळवलेली गाडी पुण्यात "पोहोचली" असं दाखवतं आणि ती तेव्हा नगरात उभी असते. एनटीईएस (गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं स्वतःचं अॅप) मध्ये अपवादात्मक गाड्यांची यादी असते: रद्द, वेळ बदललेल्या, वळवलेल्या. तिथे आपल्या तारखेचा बदल आहे का बघा. तारीख म्हणजे गाडी उगमस्थानावरून सुटल्याची तारीख. सोलापूरला मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाड्यांत लोक एका दिवसाने चुकतात. गाडी निघाल्यावर "लाइव्ह स्टेशन" मध्ये नव्या वाटेवरचं पुढचं जंक्शन टाका. तिथे गाडी दिसली की अंदाज खरा.

शेंगाचटणी

शेवटचा प्रश्न. सिद्धेश्वर किंवा वंदे भारत वळवतात का मनमाडवरून? बसायची लै इच्छा हाय.

जेऊर_लूप

सोलापूर–मुंबई अशा छोट्या पल्ल्याच्या गाड्या वळवण्यापेक्षा रद्द करतात किंवा पुण्यात संपवतात. कारण रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा संच. तोच रेक त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी परत निघायचा असतो. मनमाडवरून फिरवला तर परतीची गाडीही बुडते. उद्यान एक्स्प्रेससारखी (मुंबई–बेंगळुरू) लांबची गाडी रद्द केली तर हजार किलोमीटरवरचे प्रवासी अडकतात, म्हणून तिला वळवतात. दुर्मीळ वाट हवी असेल तर लांब पल्ल्याची गाडी निवडा, आणि अचानकच्या अपघातापेक्षा आधी जाहीर झालेला ब्लॉक बघा: दुहेरीकरण, यार्डातलं नॉन-इंटरलॉकिंग (सिग्नल यंत्रणा बंद ठेवून करायचं काम), पुलाचे गर्डर. मध्य रेल्वे आणि दक्षिण पश्चिम रेल्वे अशा कामांचं पत्रक आधी काढतात, त्यात गाडी क्रमांक आणि मार्ग दोन्ही असतात.

डबल_हेड

आणि कुणी मला "दौंडला साखळी ओढून उतरलो तर?" असं विचारायच्या आत: रेल्वे कायदा १९८९, कलम १४१. एक हजारापर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय साखळी ओढली की ज्या डब्यात ओढली तिथे जाऊन ती पूर्ववत करावी लागते, मग दाब परत भरायचा. सिंगल लाईनवर तेवढ्यात समोरचं क्रॉसिंग चुकतं आणि मागचे सगळे तासभर बसतात. लूपमध्ये गाडी उभी असताना दोन रुळांच्या मधल्या बाजूला उतरणारे तर रोज दिसतात. पलीकडून जाणारी गाडी वेग कमी करत नाही, मुख्य लाईनवरून पूर्ण वेगाने जाते. छोट्या स्टेशनांचे फलाटही २४ डब्यांना पुरत नाहीत, शेवटच्या दारातून खाली खडीच असते. उतरायचंच असेल तर मधल्या डब्यात जाऊन फलाटाच्या बाजूने उतरा.

आहेरवाडी

@शेंगाचटणी, कल्याण-ठाण्याचं तिकीट असेल तर मनमाड वाटेनेही उतरता येतं, दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात. फक्त कर्जतकडून न येता कसाऱ्याकडून येणार, म्हणून फलाट बदलू शकतो. उतरल्यावर लोकल पकडायची असेल तर आधी फलाट क्रमांक ऐका, मग जिन्याकडे पळा.